क्षेत्र बदलल्यावर हरवलेला आत्मविश्वास: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

इतर वाचकांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. १५ वर्षे लेखा विभागात काम केल्यानंतर वयाच्या ३९ व्या वर्षी तुम्ही ती नोकरी सोडली, ११ महिने डेटा विश्लेषण शिकलात, सहा मुलाखतींत नकार पचवलात आणि सातव्या ठिकाणी निवड होऊन आता तिथे तीन महिने झाले आहेत. तुमचे वरिष्ठ तुमच्यापेक्षा ९ वर्षांनी लहान आहेत. आपली निवड चुकून झाली असावी, असे तुम्हाला रोज वाटते. गेल्या आठवड्यात एका बैठकीत अहवालातील बेरीज जुळत नसल्याचे तुमच्या लक्षात आले, तरी तुम्ही गप्प राहिलात, आणि दोन दिवसांनी तीच चूक दुसऱ्या सहकाऱ्याने दाखवली. त्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही. ‘पूर्वीचा मी कुठे गेलो आणि तो परत यायला किती दिवस लागतील,’ असे तुम्ही शेवटी विचारले आहे.

व्यवसाय बदलणाऱ्या लोकांना समुपदेशन करण्याचे काम मी २० वर्षांहून अधिक काळ करतो आहे, आणि हा प्रश्न शब्द बदलून माझ्यापुढे सतत येत असतो. माझा अनुभव असा की पूर्वीचा माणूस कुठेही गेलेला नसतो; तो ज्या आधारांवर उभा होता, ते आधार जुन्या कार्यालयात राहून गेलेले असतात. कोणती फाइल कुठे सापडेल, कोणत्या खात्यात दरवर्षी घोळ होतो, वर्षअखेरीस नेमके काय अडते आणि ते सोडवायला कोणाला फोन करायचा, हे तुम्हाला तिथे आठवावेही लागत नव्हते. लोक तुमच्या टेबलापाशी येऊन विचारत, आणि त्यांच्या त्या विचारण्यातूनच दिवसभरात कित्येकदा तुम्हाला पोचपावती मिळत असे की आपल्याला काम येते. ही पोचपावती इतक्या सहज आणि इतकी वर्षे मिळत राहिली की तिच्यातून आलेल्या आत्मविश्वासाला तुम्ही स्वतःचा स्वभाव समजू लागलात. म्हणून तो गेल्यावर एखादी सवय मोडल्यासारखे न वाटता आपणच मोडलो, असे वाटते.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाविषयी जी मांडणी केली, ती मला आजही या बाबतीत सर्वांत उपयोगी वाटते. त्यांचे म्हणणे असे की हा विश्वास विशिष्ट कामाशी बांधलेला असतो. ताळेबंद डोळे मिटून तयार करणारा माणूस पोहण्याच्या तलावाच्या काठावर थरथरू शकतो, आणि त्यात कोणतीही विसंगती नाही. हा विश्वास चार वाटांनी येतो, असे त्यांनी सांगितले: ते काम स्वतः यशस्वीपणे केल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते जमताना पाहणे, ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसाने ‘तुला जमेल’ असे सांगणे, आणि त्या कामाच्या वेळी आपल्या शरीराची व मनाची असलेली अवस्था. यांपैकी पहिली वाट सर्वांत भक्कम, असेही त्यांनी म्हटले आहे.

आता तुमच्या परिस्थितीत या चारही वाटांचे काय झाले ते पाहा. नव्या कामातील यशाची शिल्लक तीन महिन्यांत जमून जमून किती जमणार? आजूबाजूला ज्यांना हे काम जमताना दिसते ते वयाने लहान आहेत आणि शिक्षण संपल्यापासून हेच करत आले आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून धीर येण्याऐवजी अंतरच जाणवते. जुने वरिष्ठ तुमच्याविषयी जे चांगले बोलत, ते इथे कोणी ऐकलेले नाही. आणि शरीराचे म्हणाल, तर अपुरी झोप, बैठकीआधी वाढणारे ठोके आणि कोरडा पडणारा घसा या सर्वांचा अर्थ तुम्ही ‘आपली पात्रता नाही’ असा लावता, जरी नवख्या जागी कोणाचेही शरीर असेच वागत असले तरी. चारही झरे एकाच वेळी आटल्यावर विहीर कोरडी पडणारच. त्यावरून जमिनीत पाणीच नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

इथपर्यंत वाचून तुम्हाला थोडे बरे वाटले असेल, पण आता जे सांगणार आहे ते तितके गोड नाही. तुमच्या शंकेपैकी काही भाग खरा आहे. तीन महिन्यांच्या अनुभवाच्या माणसाला जितके येते तितकेच तुम्हाला येते, आणि पाच वर्षे हे काम करणाऱ्यांपेक्षा ते कमी आहे. आत्मविश्वास वाढवण्याच्या नावाखाली प्रत्येक शंकेला खोटे ठरवायला सांगणारे बरेच लोक भेटतील. मी तसे सांगत नाही, कारण स्वतःशी केलेली ती लबाडी मन ओळखते. माझ्या मते शंकेशी भांडू नये आणि तिच्यापुढे मानही तुकवू नये. तिला नेमके बोलायला लावावे.

ते असे करता येते. पुढचे दोन आठवडे, जेव्हा जेव्हा मनात स्वतःविषयी काही वाईट येईल तेव्हा ते वाक्य जसेच्या तसे वहीत लिहा. मग संध्याकाळी प्रत्येक वाक्याकडे पाहून एकच गोष्ट ठरवा: हा निकाल आहे की माहिती? ‘मी या कामाच्या लायकीचा नाही’ हा निकाल आहे. त्याचे पुढे काहीच करता येत नाही. ‘दोन तक्ते जोडल्यावर ओळींची संख्या का वाढते, ते मला नीट समजलेले नाही’ ही माहिती आहे. तिच्यावर शनिवारची एक दुपार खर्च केली की ती वहीतून खोडता येते. प्रत्येक निकालाला विचारायचे की आज असे काय घडले ज्यावरून तू हे म्हणतोस, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. बहुतेक निकाल असे विचारल्यावर विरघळतात आणि त्यांच्या जागी पाच-सात ठोस उणिवा उरतात. त्या पाहून लोकांना हायसे वाटते, कारण धुक्याशी झुंजता येत नाही, यादीशी झुंजता येते.

काही निकाल मात्र विरघळत नाहीत. त्यांच्या मुळाशी बहुधा कौशल्याचा प्रश्नच नसतो, दुःख असते. १५ वर्षांची ओळख, विभागातील मान, आपले नाव घेताच समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटणारी खात्री हे सारे तुम्ही स्वखुशीने सोडले असले तरी ते गमावलेले आहे. स्वतःहून निर्णय घेतलेल्या माणसाला शोक करण्याचा अधिकार नाही, असे आपण उगाच धरून चालतो. अमेरिकी लेखक विल्यम ब्रिजेस यांनी बदल आणि स्थित्यंतर यांत एक चांगला फरक केला होता: बदल बाहेर घडतो आणि तो एका दिवसात होऊ शकतो, स्थित्यंतर आत घडते आणि त्याची सुरुवात शेवटापासून होते. जुने संपले हे मान्य करणे, मग काहीच नीट नसलेला मधला काळ आणि त्यानंतर नवी सुरुवात, असे ते टप्पे आहेत. तुमची नोकरी नवी आहे म्हणजे तुम्ही तिसऱ्या टप्प्यात आहात असे नव्हे. मला तुम्ही मधल्या काळात दिसता, आणि तिथे असताना असेच वाटते.

त्या ११ महिन्यांविषयी तुम्ही ‘वेळ भरपूर होता, तरी माझ्याकडून निम्माही अभ्यास झाला नाही, तेव्हापासून माझा स्वतःवरचा भरवसा उडाला’ असे लिहिले आहे. यावर थोडे थांबतो, कारण ही गोष्ट बहुतेक जण स्वतःच्या चारित्र्यावरचा डाग म्हणून मिरवतात. ऑस्ट्रियातील मारिएनथाल नावाच्या गावातील कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या संशोधकांनी त्या गावाचा बारकाईने अभ्यास करून तो १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की लोकांकडे दिवसच्या दिवस मोकळे असूनही वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या कमी झाली, आणि रस्त्यावरून चालण्याचा पुरुषांचा वेगही मंदावला. याहोडा यांनी पुढे याचे कारण असे सांगितले की नोकरी पगाराबरोबर आणखी काही गोष्टी नकळत देत असते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, सामायिक उद्दिष्टात सहभाग, समाजात एक स्थान आणि नियमित हालचाल. या सगळ्या गोष्टी एकदम काढून घेतल्यावर माणसाची गती मंदावते. तुमचा अभ्यास मागे पडला, त्यामागे आळसापेक्षा हे कारण असण्याची शक्यता मला जास्त वाटते. जे वाचक आज त्या रिकाम्या काळात आहेत, त्यांनी यातून एवढे घ्यावे की अभ्यासक्रम निवडण्याच्या आधी दिवसाचे वेळापत्रक आणि आठवड्यातून दोनदा तरी भेटणारी माणसे निवडावीत.

सहा नकारांविषयी फार लिहीत नाही. क्षेत्र बदलणाऱ्याला पहिल्या काही मुलाखतींत नकार मिळणे हा नियम आहे, आणि नकार देणाऱ्याला तुमच्याविषयी जेमतेम तासाभराची माहिती असते. मात्र ते नकार अजून सलत असतील तर त्यांच्याविषयी लिहून काढा. नोकरी गमावलेल्या व्यावसायिकांवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यांनी त्या घटनेविषयीचे आपले खोल विचार आणि भावना पाच दिवस रोज २० मिनिटे लिहिल्या, त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. ते लोक मुलाखती जास्त देत नव्हते. मनातील राग लिहून मोकळा केल्याने मुलाखतीत त्यांची वागणूक बदलली असावी, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. तुम्हाला नोकरी मिळालेली आहे, पण त्या सहा खोल्यांमधील शरम घेऊनच तुम्ही आताच्या बैठकीत बसता, असे तुमच्या लिहिण्यावरून मला वाटते.

आता ‘निवड चुकून झाली’ या भावनेकडे वळतो. पॉलिन क्लॅन्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये या अनुभवाला इम्पोस्टर फेनॉमेनन म्हणजे तोतयेपणाची भावना असे नाव दिले. त्यांनी याला रोग म्हटले नव्हते. पुढे लोकांनी त्याचा ‘सिंड्रोम’ करून टाकला. त्यांनी वर्णन केलेल्या स्त्रिया कर्तृत्व सिद्ध करून बसलेल्या होत्या, आणि तरीही ते यश त्यांना स्वतःचे वाटत नव्हते. इथे मी एक फरक करतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. ज्याने काम करून दाखवले आहे तरी ज्याला ते पटत नाही, तो तोतयेपणाच्या भावनेने त्रस्त आहे. ज्याने अजून काम करून दाखवायचे आहे, तो नवशिका आहे. नवशिक्याला ‘तुला काही होत नाही, हा नुसता सिंड्रोम आहे’ असे सांगणे म्हणजे त्याच्या हातातून शिकण्याची वाट काढून घेणे होय. तुम्ही डेटा विश्लेषणात नवशिके आहात, आकड्यांच्या शहाणपणात नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि तुमचा गोंधळ बराचसा त्या एकमेकींत मिसळल्यामुळे झाला आहे.

तसेच, आपल्याला किती येते याविषयीची आपली भावना हे एकूणच भरवशाचे माप नाही. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांच्या १९९९ च्या शोधनिबंधाचा अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहिला: ज्यांना कमी येते, ते स्वतःला फार वरचे समजतात. त्याच निबंधात असेही दिसले होते की सर्वांत चांगली कामगिरी करणाऱ्यांनी इतरांच्या तुलनेत आपले स्थान प्रत्यक्षाहून खाली धरले होते. म्हणून ‘मला कसे वाटते’ यावरून ‘मी कसा आहे’ हे ठरवण्याची सवय दोन्ही बाजूंनी दगा देते. बाहेरचे माप लागते.

त्या बैठकीतील बेरजेची गोष्ट मला याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. तुमच्या वर्णनावरून तिथे काय झाले असावे, त्याचा अंदाज करता येतो. ग्राहकांच्या तक्त्यात एका ग्राहकाची एकच ओळ असते, पण व्यवहारांच्या तक्त्यात त्याच्या चार ओळी असू शकतात. हे दोन तक्ते जोडले की ग्राहकाच्या ओळीतील रक्कम चार वेळा येते आणि तिची बेरीज फुगते. प्रोग्रॅम मात्र कोणतीही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. ही चूक पकडण्यासाठी प्रोग्रॅमिंग नव्हे, तर एक सवय लागते: कोणताही आकडा मूळ नोंदवहीतील एकूण रकमेशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे न पाठवण्याची. ती सवय लेखा विभागात १५ वर्षे ताळमेळ घातलेल्या माणसाच्या हाडीमाशी असते. तुमच्या तरुण सहकाऱ्यांना ती शिकावी लागेल. जुना अनुभव नव्या ठिकाणी कसा वापरावा, असे लोक विचारतात तेव्हा ते पदनामांत विचार करत असतात, आणि ‘वरिष्ठ लेखापाल’ या शब्दांना डेटा विश्लेषणाच्या विभागात खरोखरच काही अर्थ नसतो. पदनाम सोडून क्रियापदे लिहा: ताळा करणे, विसंगतीचा माग काढणे, मुदतीच्या आत हिशेब पूर्ण करणे, आकडा न समजणाऱ्या माणसाला आकडा समजावणे, दबाव आला तरी चुकीच्या कागदावर सही न करणे. यांतील प्रत्येक क्रियापदाला नव्या कामात जागा आहे.

पुढे काय करावे हे सांगण्याआधी काय करू नये ते सांगतो. आरशासमोर उभे राहून ‘मी समर्थ आहे’ असे म्हणू नका. जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की अशी सकारात्मक वाक्ये उच्चारल्याने कमी आत्मसन्मान असलेल्या लोकांना, ती न उच्चारणाऱ्या तशाच लोकांपेक्षा, बरे वाटण्याऐवजी अधिक वाईट वाटले. ज्यांना मुळातच स्वतःविषयी बरे वाटत होते, त्यांना थोडा फायदा झाला. कारण उघड आहे. जे वाक्य आपल्याला पटत नाही, ते मोठ्याने म्हटले की मन लगेच त्याच्या विरुद्धचे पुरावे पुढे करते. दुसरे, आणखी एखादा अभ्यासक्रम लावू नका. हे माझे मत अनेकांना आवडत नाही, पण मी प्रमाणपत्रांच्या मागे लपलेले लोक इतके पाहिले आहेत की हे मत सोडायला मी तयार नाही. अभ्यासक्रमात प्रश्न तयार असतो, उत्तर तयार असते आणि चुकीची किंमत शून्य असते, म्हणून तिथे सुरक्षित वाटते; आणि नेमक्या त्याच कारणामुळे तिथे मिळालेले यश कामाच्या जागी उपयोगी पडत नाही. तुमच्या वहीतील पाच-सात उणिवांपैकी एखादी भरून काढायला जेवढे शिकावे लागेल, तेवढेच शिका.

आता मुख्य उपाय. बांडुरांची पहिली वाट, म्हणजे स्वतः करून दाखवल्याचा अनुभव, मुद्दाम बांधावी लागते, आणि त्यासाठी कामाचे तुकडे नीट निवडावे लागतात. तुकडा दोन-तीन दिवसांत संपणारा असावा, तो पूर्ण संपावा, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडावा. या तिसऱ्या अटीकडे लोक दुर्लक्ष करतात. घरी बसून केलेला सरावाचा प्रकल्प कितीही सुबक असला तरी त्याला ‘हे वापरले, बरे झाले’ असे म्हणणारे कोणी नसते, आणि मनाच्या खात्यात तो जमा होत नाही. तुमच्यासाठी मला सुचणारे पहिले काम अगदी साधे आहे: विभागातून दर आठवड्याला बाहेर जाणाऱ्या एखाद्या अहवालासाठी एक छोटी तपासणी तयार करा, जी मूळ नोंदींची एकूण रक्कम आणि अहवालातील एकूण रक्कम शेजारीशेजारी दाखवेल आणि फरक असेल तर लाल करेल. ती लिहायला जे तंत्र लागते ते तुम्हाला आताच येत असावे. तिची गरज सर्वांना गेल्या आठवड्यात कळलेली आहे.

याबरोबर एक दुसरी वही ठेवा, किंवा त्याच वहीची मागची पाने वापरा. ज्या प्रसंगाची भीती वाटते, त्याच्या आधी ‘काय होईल असे मला वाटते’ ते एका वाक्यात लिहायचे आणि प्रसंग झाल्यावर ‘काय झाले’ ते लिहायचे. अंदाज मोघम लिहिला तर उपयोग नाही. ‘वाईट होईल’ असे न लिहिता ‘मी प्रश्न विचारल्यावर किमान दोन जण एकमेकांकडे पाहून हसतील’ असे लिहावे. विचारांवर आणि वर्तनावर काम करणाऱ्या उपचारपद्धतीत हे तंत्र फार पूर्वीपासून वापरले जाते. शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून प्रशिक्षण-साहित्य लिहिण्याच्या कामात शिरलेल्या एका बाईंनी माझ्या सांगण्यावरून अशी वही ठेवली होती. दहा आठवड्यांत त्यांनी ३१ अंदाज लिहिले, त्यांपैकी चार खरे ठरले, आणि त्या चारही प्रसंगांतून त्या सावरल्या होत्या. मी त्यांना महिनोन्महिने धीर देऊन जे पटवू शकलो नव्हतो, ते त्या चार या आकड्याने पटवले.

लोक आपल्याकडे किती पाहतात याविषयीचा आपला अंदाज तर हमखास चुकतो. टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना संकोच वाटावा असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. खोलीतील निम्म्या लोकांनी तरी ते चित्र पाहिले असेल, असे त्यांना वाटले; प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या ते लक्षात आले. बैठकीत तुमचा आवाज किंचित कापला तर तो तुम्हाला सर्वांत मोठा ऐकू येतो. इतर जण बहुधा स्वतःची पाळी केव्हा येते या चिंतेत असतात. आणि ठोके वाढले की स्वतःला ‘शांत हो’ असे बजावण्यापेक्षा ‘मी या कामासाठी उत्सुक आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली, असे अॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत दिसले आहे. हे वाक्य आरशासमोरच्या वाक्यासारखे खोटे पडत नाही, कारण भीती आणि उत्सुकता यांत शरीर जवळजवळ सारखेच वागते.

वयाने लहान असलेल्या वरिष्ठांविषयी. इथे तुम्ही एक चूक करत आहात असे मला वाटते: त्यांच्यासमोर अडाणी दिसू नये म्हणून तुम्ही प्रश्न विचारत नाही आणि उत्तर शोधण्यात दोन-दोन दिवस घालवता. तुमचे गप्प राहणे त्यांना नम्रता वाटेल की अलिप्तता, हे तुम्हाला ठाऊक नाही; ज्येष्ठ माणूस गप्प बसला की तरुण वरिष्ठ अनेकदा ‘यांना आपले म्हणणे पटत नसावे’ असे समजून अंतर राखू लागतो. त्यांच्याकडे अर्धा तास मागून घ्या आणि एक प्रश्न विचारा: ‘पुढच्या तीन महिन्यांत माझे काम चांगले झाले, हे तुम्ही कशावरून ओळखाल?’ उत्तर लिहून घ्या. मघाशी मी बाहेरचे माप म्हणालो ते हेच. तांत्रिक प्रश्न विचारतानाही ‘मला हे येत नाही’ एवढ्यावर थांबण्यापेक्षा ‘मी हे आणि हे करून पाहिले, इथवर आलो, पुढे दोन वाटा दिसतात, त्यांतील कोणती धरू?’ असे विचारा. असा प्रश्न विचारणारा अडाणी दिसत नाही. मात्र केलेल्या कामावर अभिप्राय मागा, ‘मी कसा वाटतो’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला माणसे सभ्यतेचे उत्तर देतात आणि ते तुम्हाला खरे वाटत नाही.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. तुम्ही एका रात्रीच्या झोपेविषयी लिहिले आहे. झोप न लागणे, भूक जाणे, पूर्वी आवडणाऱ्या कशातही मन न रमणे आणि सतत उदास वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजचे झाले असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो करिअरचा प्रश्न राहत नाही. तेव्हा वह्या आणि तपासण्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, आणि जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच दिवशी जावे.

हे क्षेत्रच आपल्यासाठी नाही, अशी शंका तुम्ही कंसात लिहून पुढे गेला आहात. ती शंका खरी असू शकते, आणि ती तपासायची माझी पद्धत अशी: तुम्हाला काम आवडत नाही की नवशिके असणे आवडत नाही? ज्या दिवशी कोणी पाहत नव्हते, मुदत नव्हती आणि तुम्ही आकड्यांतील एखादा गुंता सोडवत बसला होतात, त्या दिवशी वेळ कसा गेला ते आठवा. भान राहिले नसेल तर अडचण नवखेपणाची आहे, आणि तो सरतो. तेव्हाही घड्याळाकडेच लक्ष होते, असे अनेकदा घडले असेल, तर वर्षभराने याचा पुन्हा विचार करा. तीन महिन्यांच्या पुराव्यावर मी तरी कोणाला असा निर्णय घेऊ देत नाही.

किती दिवस लागतील, याचा आकडा मला देता येणार नाही. माणसे बदलतात तशी ती मुदत बदलते, आणि कामाच्या जागेवरही ती अवलंबून असते. पण आत्मविश्वास परत येऊ लागल्याची एक खूण मी सांगू शकतो: शंका नाहीशी होत नाही, ती बारीक होते. ‘मला काहीच येत नाही’ याच्या जागी ‘हा एक भाग मला अजून जमत नाही’ असे वाक्य आपसूक येऊ लागते, तेही वही न उघडता.

तोवर, पुढच्या वेळी एखादी बेरीज चुकल्यासारखी वाटली, तर तुम्हाला त्या क्षणी कारण माहीत असण्याची गरज नाही. ‘चूक आहे’ असे ठासून सांगण्याचीही गरज नाही. जुन्या विभागात तुम्ही जे शेकडो वेळा म्हटले असेल, तेच इथे म्हणा: ‘हा आकडा मूळ नोंदींशी ताडून पाहिला आहे का? मला फरक दिसतो आहे. दुपारपर्यंत मी तपासून सांगतो.’ आणि दुपारी, फरक निघो वा न निघो, जे दिसले ते सर्वांना लिहून कळवा.